बिननाडीचा पायजमा

सून इस्त्री करत होती, सासूबाई गॅसवरच्या दुधावर डोळा ठेवून उभ्या होत्या आणि त्यांच्या थोरल्या मुलाने दुसरा मोजा सापडेना म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. तेवढ्यात दार वाजलं.

दारात शिवणमावशी उभी होती. गल्लीच्या तोंडाशी मशीन टाकून बसणारी ती. गळ्यात टेप नसला तर माणसं तिला ओळखायची नाहीत. सासूबाईंनी आधी शेजारच्या दाराकडे पाहिलं आणि मग तिला जवळजवळ ओढूनच आत घेतलं. ती कुठून आली असणार, हे त्यांना ठाऊक होतं. धाकटा मुलगा मनोरुग्णालयात होता, मावशीचं तिथे जाणंयेणं असे, आणि तो परगावी नोकरीला आहे असं सासूबाईंनी बाकी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"कुणी विचारलंच तर सांगा, ब्लाउजचं माप घ्यायला आली होती," मावशी म्हणाली.

रुग्णालयाच्या पायजम्यांचं काम पूर्वी मावशीकडेच असे. किडकिडीत असो की आडदांड, माप एकच, कंबरेला नाडी. नवरा गेल्यावर तिची झोप उडाली, मग बोलणं बंद झालं, आणि भावाने तिला त्याच रुग्णालयात नेऊन ठेवलं. तिथे अंगावर चढला तो तिनेच शिवलेला पायजमा. टीप ओळखीची, फक्त नाडी ओढून काढलेली. कुणी गळ्याला लावून घेऊ नये म्हणून काढायचे, पण बदल्यात काहीच द्यायचे नाहीत. सगळा वॉर्ड कंबर मुठीत धरून चालायचा.

बरी होऊन घरी आली तरी ती मूठ तिच्या मनातून जाईना. "जन्मभर नाड्या ओवल्या," ती म्हणायची, "पण घालणाऱ्याचं काय होतं, ते कधी विचारलं नाही. लाज वाटते हो."

मग तिने रुग्णालयाच्या साहेबांचा पिच्छा पुरवला. नाडी नको ना, मग इलॅस्टिक घाला. कचेरीतले हसायचे, "मावशी, वेड्यांना कसली आलीय फॅशन?"

"फॅशन नाही, अब्रू. तुम्ही पट्टा काढून जरा आवारात फिरून या, मग बोलू."

बायकांच्या वॉर्डात इलॅस्टिक आलं. पुरुषांच्या वॉर्डाचं घोडं मंजुरीत अडलं. पण घरचे कपडे घालायचा प्रत्येक रुग्णाला हक्क आहे, एवढं तिने साहेबांच्या तोंडून वदवून घेतलं होतं.

"तुम्ही त्याला भेटायला गेला होतात ना?" तिने सासूबाईंना विचारलं.

"कशाला आठवण काढता? सूनबाईला घेऊन गेले, मी दोन्ही हात पुढे केले, तर हा मागे मागे भिंतीला जाऊन टेकला. डबासुद्धा घेतला नाही. पोटचा पोर आईला ओळखेना, मग जाऊन काय करायचं?"

"ओळखलं हो त्याने. तुम्हालाही आणि वहिनींनाही. म्हणून तर सरकला." मावशीचा आवाज खाली आला. "एका हातात कंबर, दुसऱ्या हातात उसवलेली बाजू. डबा घेणार कशाने? आईला सांगू नका म्हणाला होता. पण तुम्ही येणं सोडलंत, आणि तो आता जेवणही सोडायला लागलाय."

दूध उतू गेलं. गॅस मावशीनेच बंद केला.

"रविवारी भेटीचा दिवस आहे. त्याची एखादी हुकाची पँट असेल ना?"

सून कपाटाकडे वळली आणि तिथेच थबकली. पडून काय करायच्या, म्हणून धाकट्याच्या सगळ्या पँटी थोरल्याने वापरायला काढल्या होत्या. एकेक करून त्यांची फडकी झाली होती. एकच धड उरली होती आणि तिला तिने आत्ताच इस्त्री केली होती.

तीच तपकिरी पँट घालून थोरला बाहेर आला. "कोण आलंय गं?" त्याने विचारलं.

मावशीची नजर त्याच्या कंबरेवर गेली. मागची शिवण उसवून पँट त्याच्या मापाला सैल केलेली होती. थोरल्याचा हात आपसूक मागे गेला आणि त्याने ती शिवण मुठीत धरली.

"दादा," मावशी म्हणाली, "ती पँट मला द्या. कंबर मी परत आत घेते."