सीटखालचं दार

डोक्यावर औषधालाही केस उरला नव्हता, तरी सगळे त्यांना केसभरकाका म्हणत. चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. "केसभरही फट नको," हे दिवसातून इतक्यांदा म्हणायचे की कारखान्याने त्यांचं खरं नावच मोडीत काढलं. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. घरातली खिडकी असो, कपाट असो, साखरेचा डबा असो, सगळं असं घट्ट की काकू वैतागायच्या. "चहात साखर घालायची म्हटलं तरी दोन माणसं लागतात या घरात!"

आणि त्यांची ती जीप! काकांपेक्षा चारच वर्षांनी धाकटी. भंगारातून उचलून आणली होती, मग सात वर्षं खपून उभी केली. एकेक नट मूळचा शोधून लावला. त्या पत्र्याला एकही जास्तीचं भोक नव्हतं. कुणी नुसतं म्हणालं, "काका, आरसा नवा बसवा की," तर त्याची धडगत नसायची. शेजारी गमतीने म्हणायचे, काकांना दोन बायका, आणि धाकटीचे लाड जास्त. काकू हसून सोडून द्यायच्या.

पण दोन वर्षांपूर्वी काकूंची फुप्फुसं कुरकुरायला लागली आणि हसण्यावारी नेण्याचे दिवस संपले. घर चढावर, रस्ता निव्वळ दगडगोट्यांचा. दुसरी कुठलीही गाडी अर्ध्यातच नांगी टाकायची, म्हणून आठवड्याची रुग्णालयाची खेप जीपमधूनच. काकू बसल्या जागी बऱ्या असायच्या, पण एकदा दम लागला की बघता बघता ओठ निळे पडायचे. म्हणून ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर सोबत असायचाच. तो मागे ठेवून पाहिला, तर पहिल्याच खड्ड्यात सुटून घरंगळला. डॉक्टरांनी ठणकावलं, "सैल ठेवायचा नाही. तोंडाकडचा भाग तुटला तर तोफेचा गोळा होईल त्याचा." घट्ट बसेल अशी जागा एकच होती, काकूंच्या सीटखालचा पत्र्याचा खण. पट्ट्याने आवळला की सिलिंडर जागचा हलत नसे.

फक्त त्या खणाचं तोंड वर होतं. चार बोल्ट काढा, सीट उचला, मग आत हात घाला. म्हणजे जिचा जीव घुसमटतोय, तिनेच आधी उठून खाली उतरायचं! आता याला काय म्हणावं?

व्हायचं तेच झालं. गेल्या महिन्यात उतारावर काकूंना दम लागला. काकांनी त्यांना कसंबसं उतरवून दगडाला टेकवलं आणि पाना घेऊन बोल्टला भिडले. चौथा बोल्ट निघेपर्यंत काकूंची मान कलली होती. वाचल्या, पण अगदी थोडक्यात.

त्यांची लेक दुसऱ्या शहरात नर्स. तिने फोनवरच बापाला फैलावर घेतलं. "बाबा, सीटच्या बाजूला दार करा. बसल्या बसल्या हात घालता आला पाहिजे."

"मूळचा पत्रा कापू?" काकांच्या तोंडून निघून गेलं.

मग लेक म्हणाली, "पत्राच सांभाळायचा असेल तर तसं सांगा. मी येऊन आईला घेऊन जाते."

झोंबलं त्यांना. दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेले, सीट उतरवली, खणाच्या बाहेरच्या बाजूवर खडूने चौकोन आखला आणि कटर लावला. पत्रा चिरताना त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू स्वतःचाच दात स्वतः उपटतायत.

पण एकदा हात घातल्यावर काम कसलं केलं म्हणता! कापलेला तुकडाच दार म्हणून परत बसवला, आतून बिजागरी, बोटाने दाबली की सुटणारी खटकी. कडा घासून घासून अशा जुळवल्या की दार कुठे आहे ते काकांनी दाखवल्याशिवाय दिसू नये. मग सीट परत चढवून चारही बोल्ट कसले आणि दार पन्नास वेळा उघडून पाहिलं. पन्नासही वेळा लोण्यासारखं उघडलं. पत्र्याच्या भुशाने खोकला उसळेल म्हणून काकूंना त्या चार दिवसांत त्यांनी शेडच्या आसपास फिरकूही दिलं नव्हतं.

"बघ," पाचव्या दिवशी जीप दाराशी आणून ते म्हणाले. "केसभरही फट नाही."

"कळतच नाही हो कापलंय ते," काकू म्हणाल्या. काकांची छाती फुगली.

पुढच्याच खेपेला, दुपारी परत येताना, चढावरच्या दुसऱ्या वळणावर काकूंनी काकांच्या मनगटावर हात ठेवला. बोलल्या काहीच नाहीत. बोलायला श्वास हवा ना! काकांनी गाडी थांबवली, ब्रेक ओढला, मागच्या चाकाला दगड लावला आणि वळसा घालून त्यांच्या बाजूला आले. मनात धाकधूक होती, पण भीती नव्हती. आता दार होतं. गुडघ्यावर बसून त्यांनी खटकी दाबली.

खट् झालं. दार मात्र ढिम्म.

पुन्हा दाबली, पुन्हा खट्. नखाने ओढायला गेले तर नख शिरेना. तळहाताने थोपटलं, मुठीने ठोकलं. काही नाही! वर काकूंचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. काल रात्री उघडलं होतं, आज सकाळी निघण्याआधी उघडलं होतं, मग आत्ताच काय धाड भरली?

आणि मग त्यांना दिसलं. सीटची चौकट काकूंच्या वजनाने खाली दबली होती. फार नाही, केसभर. तेवढ्याने वरची कड दारावर बसली होती आणि दार चिमटीत सापडलं होतं. पन्नास वेळा उघडून पाहिलं, पण पन्नासही वेळा सीट रिकामी होती! ज्या माणसासाठी दार केलं, तो माणूस बसल्यावर ते उघडतं का, एवढं एकच बघायचं राहिलं होतं.

"अगं, जरा उचल स्वतःला. जरासंच."

काकूंनी मान हलवली. जमत नव्हतं. काकांनी त्यांच्या काखेत हात घालून जोर लावला, तर कमरेतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. बहात्तर वर्षांची कंबर ती! काकू बोटभरही हलल्या नाहीत. ओठांवर निळी छटा चढायला लागली होती.

मागून पहार काढली. ती घुसवायची कुठे? फट नव्हतीच. सुरी शिरेल एवढीसुद्धा जागा त्यांनी ठेवली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या हातांची चीड आली. "मेल्या, कुणाला दाखवायला केलंस हे?" ते मोठ्याने म्हणाले.

हातोडी आणि जाड छिन्नी घेतली. सिलिंडरचं तोंड पुढे होतं, म्हणून मागचा कोपरा धरला. पहिल्या घावाला रंग उडाला. दुसऱ्याला पोचा आला. तिसऱ्याला पत्रा फाटला. सात वर्षं खपून उभा केलेला, रोज पुसलेला पत्रा, आणि ते त्यावर वैऱ्यासारखे तुटून पडले होते. फटीत पहार खुपसून अंगाचा सगळा भार टाकला, तसं दार किंचाळत वाकलं. आत हात घातला, तळवा फाटला, पट्टा सुटेना, मग सुटला. सिलिंडर ओढला, मास्क काकूंच्या तोंडावर धरला आणि चावी फिरवली.

"घे. घे गं. हळू."

एक श्वास गेला. दुसरा अडखळला. काकांनी स्वतःचा श्वास रोखून धरला होता, हे त्यांच्या गावीही नव्हतं. तिसरा श्वास जरा खोल गेला. कितीतरी वेळाने ओठांवरची निळाई उतरली. काकूंनी त्यांचा रक्ताळलेला हात पाहिला आणि पदराने पुसायला घेतला. काका तिथेच धुळीत बसून लहान मुलासारखे रडले. काकूंनी त्यांना रडू दिलं आणि हात पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी जीप अंगणात मोकळ्या हवेत उभी राहिली. यंत्र नाही, कटर नाही, भुसा उडायला नको. नुसती कानस. काकू नाकाला रुमाल बांधून सीटवर बसल्या होत्या आणि काका खाली बसून, फाटलेला पत्रा ठोकून सरळ करून, दाराची कड घासत होते. चार वेळा घासायचे, मग म्हणायचे, "टेक नीट. सगळा भार टाक. आता पुढे झुक." आणि दार उघडून पाहायचे. बोट आरपार जाईल एवढी फट झाली, तरी थांबेनात. ठोकलेल्या पत्र्यावर पोचे तसेच होते, रंग लावायचंही नाव नव्हतं.

काकूंनी वाकून पाहिलं. "अहो, पुरे की. एवढ्या फटीतून सगळी धूळ जाईल आत."

"जाऊ दे," काका कानस न थांबवता म्हणाले. "तू राहा."