डब्यावरचं नाव

मी फोन कापला. एकदा नाही, चार वेळा. हे आधीच सांगून मोकळा होतो, म्हणजे पुढचं ऐकताना मला कुणी भला माणूस समजायला नको.

माझं नाव शहाजी. कोपरखैरण्यात पिठाची गिरणी चालवतो, सत्तावीस वर्षं झाली. माणूस मी तिरसट. ओलं धान्य आणलं, डब्याला झाकण नसलं, की माझं तोंड सुटतं. मग समोर बाई आहे की नगरसेवक, मी बघत नाही. पण सौरभच्या आईला मी एकोणीस वर्षांत वाकडा शब्द बोललो नाही. तिनं बोलायला जागाच ठेवली नव्हती. ज्वारी निवडलेली, उन्हात तापवलेली, डबा आतून कोरडा. सकाळी नऊला दळण टाकणार आणि बाराला न्यायला येणार. डब्यावर मीच मार्करनं लिहिलेलं, 'सौरभची आई'. पोरगा तेव्हा पहिलीत होता, तिच्या पदराला धरून यायचा. तेच नाव पडलं ते पडलंच.

खिल्लारे मंडळी मूळची परभणीकडची. नवरा अंकुश तुर्भ्याच्या कारखान्यात होता. साधा माणूस, रविवारी विहारात जायचा, येताना माझ्याकडे पाच मिनिटं बसायचा. चार वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गेला. त्यानंतर दोन महिने तिचा डबा आलाच नाही. आला तेव्हा त्यात अर्धीसुद्धा ज्वारी नव्हती. मी बघत राहिलो तर म्हणाली, "एकटीसाठी काय भाकर थापावी, भाऊ? सौरभ कंपनीत जेवतो. मी चहात पाव बुडवून खाते." सौरभ तोवर महाप्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला होता. सकाळी साडेआठला जायचा, रात्री आठला यायचा. मधले साडेअकरा तास ती आणि भिंती.

मग डबा हळूहळू भरायला लागला. वर्षभरात तर दोन डबे झाले. महाप्याच्या कंपन्यांतल्या पोरांना ती भाकऱ्या करून द्यायला लागली, रोज चाळीस-पन्नास. मला वाटलं, बाई सावरली, चांगलं झालं. कशानं सावरली ते मला नंतर कळलं.

एकदा तिचा गुडघा दुखत होता म्हणून मी डबा घरी पोचवायला गेलो. माझ्या गिरणीपासून तिचं दार चार मिनिटांवर. ओट्याच्या वरच्या फळीवर एक टॅब उभा करून ठेवलेला आणि त्याच्यात पाच-सहा चौकोन. प्रत्येक चौकोनात एक स्वयंपाकघर, प्रत्येक स्वयंपाकघरात एक बाई. कुणी कांदा चिरतेय, कुणी भांडी घासतेय, एक पार म्हातारी मांजराला जेवायला घालतेय. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. नुसते आवाज येत होते, नळाचे, भांड्यांचे.

"हे काय, सिनेमा लावलाय का?" मी म्हणालो.

ती लाजली. "सौरभनं लावून दिलंय, भाऊ. जगभरच्या बायका हायेत. ही केनियातली, ही फिलिपीन्सची. रोज दोन तास लावून ठिवायचं अन् आपापलं काम करायचं. बोललं तर बोललं."

"न बोलता काय उपयोग मग?"

"घरात कुणीतरी असल्यावानी वाटतंय," ती म्हणाली. एवढंच. मला ते काही पटलं नाही. चार मिनिटांवर आम्ही एवढी माणसं राहतो, आणि हिला सोबतीला केनिया लागतं, असं मनात आलं.

एका चौकोनातली बाई कणीक तिंबत होती. पिकले केस, जाड हात, कोपरापर्यंत पीठ. ती हालिना, पोलंडची. घरी पाव भाजते, सौरभच्या आईकडून भाकरी थापायला शिकली होती. पहिल्या पंधरा मोडल्या म्हणे, सोळावी जमली. मला बघून तिनं पिठाचा हात हलवला. सौरभची आई म्हणाली, "तिला तुमचं कॅलेंडर लई आवडतं." मागच्या भिंतीवर माझ्या गिरणीचं कॅलेंडर होतं. दर वर्षी मी छापून वाटतो. त्याच्यावर माझा मोबाईल नंबर, हा एवढाल्या आकड्यांत, आणि तेही मराठी आकड्यांत. छापणारा म्हणत होता इंग्रजीत टाका, लोकांना बरं पडतं. मी त्याला चार गोष्टी सुनावल्या होत्या. मराठी माणसाची गिरणी, आकडे मराठीच पाहिजेत.

आता तो दिवस. फेब्रुवारीतला मंगळवार. नऊला ती डबा टाकून गेली. "बाराला येते, भाऊ," म्हणाली, रोजच्यासारखी. चेहरा वगैरे काही वेगळा दिसला नाही. दिसला असेल तर मी बघितला नाही.

बारा वाजले, ती आली नाही. मी दळलेला डबा बाजूला सारला आणि थोडा चिडलोच, कारण बारानंतर गर्दी होते आणि डबे पायात येतात. सव्वाबाराच्या पुढे माझा फोन वाजला. नंबर परदेशातला.

इथं एक सांगायला पाहिजे. मागच्या वर्षी आमच्या मेव्हण्याला अशाच फोननं गंडवलं होतं. तेव्हापासून मी सेक्टरातला मोठा शहाणा झालो होतो. गिरणीच्या दारावर मी स्वतःच्या हातानं पाटी लिहून लावली होती, 'अनोळखी व परदेशी नंबर उचलू नये'. दळणाला येणाऱ्या प्रत्येकाला मी यावर भाषण द्यायचो. लोक कंटाळायचे, पण ऐकायचे.

पाटी लावणाऱ्यानंच फोन उचलला. गिरणीचा पट्टा चालू होता, काही नीट ऐकू येत नव्हतं. मी गिरणी बंद केली. पलीकडे बाईमाणूस, इंग्रजीत, घाईत, रडल्यासारखं. माझं इंग्रजी म्हणजे 'वेट' आणि 'टुमारो'. तरी मला शब्द कळले. प्लीज कळलं. गो कळलं. हाऊस, फॉल, हेही कळलं. आणि एक नाव ती परत परत घेत होती, यशोधरा. स्पष्ट ऐकू आलं मला. यशोधरा, यशोधरा. मी डोक्यात सगळं सेक्टर फिरवून आलो. यशोधरा नावाचं कुणी माझ्या ओळखीत नव्हतं.

"राँग नंबर," म्हणून मी कापला.

परत आला. परत तेच. मी म्हणालो, "मेरेको सब मालूम है तुम लोगों का. पुलिस में देगा." कापला. तिसऱ्यांदा आला तेव्हा दुकानात चार बायका उभ्या होत्या आणि मला जरा चेवच चढला. स्पीकरवर लावला. "बघा," म्हटलं, "असा रडका आवाज काढतात." बायका हसल्या. पलीकडून ती यशोधरा यशोधरा करत होती. त्या चारातल्या एकीलाही ते नाव माहीत नव्हतं. चौथ्या वेळी मी न ऐकताच कापला आणि नंबर ब्लॉक करून टाकला. मग गिरणी चालू केली. डबा तिथंच होता, माझ्या पायाशी, आणि त्याच्यावर 'सौरभची आई' लिहिलेलं होतं.

संध्याकाळी डबा घरी पोचवावा असं एकदा मनात आलं होतं. म्हटलं, जाऊ दे, उद्या नेईल.

सौरभ आठला घरी आला. दार आतून नुसतं लोटलेलं होतं. आई ओट्याखाली पडलेली, गॅस चालू, तव्यावर भाकरीचा कोळसा. आणि फळीवरून आवाज येत होते. पाच बायका एकदम बोलायला लागल्या त्याला बघून. ती पावणेबाराला पडली होती. तेव्हापासून एकीनंही कॅमेरा बंद केला नव्हता. फिलिपीन्सला रात्र झाली, तरी ती बाई बसून होती. त्यांनी आपापल्या देशातल्या पोलिसांना फोन केले. ते पत्ता विचारत होते, आणि पत्ता कुणालाच माहीत नव्हता, सौरभचा नंबरही कुणाकडे नव्हता. नवी मुंबई एवढंच माहीत होतं. तीन वर्षं त्यांनी तिचं स्वयंपाकघर पाहिलं होतं, कुठला डबा कुठं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, पण दाराबाहेरचं काही माहीत नव्हतं. त्यांनी सौरभला सांगितलं की तिची बोटं हलत होती. दोन वाजून गेले तरी हलत होती. त्या तिला नावानं हाका मारत होत्या आणि बोटं हलत होती.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव आहे, दुपारी आणलं असतं तर हातात काहीतरी होतं. ती तिसऱ्या दिवशी गेली.

मला तोवर काही म्हणजे काही कळलं नव्हतं. वाईट वाटत होतं, पण चारचौघांसारखं. अंत्ययात्रेला निघालो तर गल्लीच्या तोंडाशी पोरांनी फ्लेक्स लावलेला. तिचा फोटो, निळी साडी, आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'कालकथित यशोधरा अंकुश खिल्लारे'.

मी तिथंच थांबलो. मागून कुणीतरी म्हणालं, चला ना शहाजीभाऊ. मी चाललो. खांदासुद्धा दिला, ती लाज वेगळीच. परत येऊन आधी गिरणीच्या दारावरची ती पाटी काढली आणि चुलीत घालावी तशी शेजारच्या भट्टीवाल्याच्या भट्टीत घातली. मग फोनमधले ते चार कॉल पुसून टाकले. हो, पुसले. मला वाटलं, त्या बाईचा देश कुठला आणि मी कुठला, कोण येतंय विचारायला.

चार दिवसांनी सौरभ गिरणीत आला. डोळे खोल गेलेले. म्हणाला, "काका, आईचा डबा राहिलाय ना तुमच्याकडे?" मी डबा काढून दिला. त्यानं झाकण उघडून पीठ बघितलं, परत लावलं.

"रविवारी आईचं पुण्यानुमोदन आहे. या तुम्ही," तो म्हणाला. मग डबा उचलता उचलता, माझ्याकडे न बघता, "हालिना मावशींना तुमच्याशी बोलायचंय. त्यांनी नंबर दाखवला मला. आपल्या कॅलेंडरवरचा आहे."

बायकोला सांगितलं सगळं. ती उठून आत गेली. काय काय बोलायचं ते मी पाठ केलं. फ्रॉडचे फोन फार येतात. गिरणीचा आवाज होता. मेव्हण्याचं असं असं झालं होतं. सगळं खरंच होतं.

विधी झाला, खीर वाटली, लोक उठले. सौरभनं मला आत नेलं. फळीवर टॅब होता, तसाच. तेच चौकोन, त्याच बायका. आज कुणाच्या हातात काम नव्हतं. एक चौकोन सौरभचा आणि माझा, त्यात आमच्या मागे माझंच कॅलेंडर. मी हात जोडले आणि मराठीतच माफी मागितली, सौरभ ती इंग्रजीत सांगत गेला. ऐकताना हालिनानं मान खाली घातली. मग तिनं एक कागद कॅमेऱ्यासमोर धरला.

त्याच्यावर पेननं आपले आकडे काढले होते, वाकडेतिकडे, आणि प्रत्येकाखाली त्यांचा इंग्रजी आकडा. तिला मराठी आकडे येत नव्हते. कॅलेंडरवर तारखा एकापासून ओळीनं असतात, त्यावरून तिनं एकेक आकडा ओळखला होता आणि मग माझा नंबर जुळवला होता. समोर बाई पडलेली आणि ही तारखा लावत होती. अर्धा तास लागला तिला. मराठी आकड्यांचा हट्ट माझा होता. मी तेही सांगितलं. आता लपवायला काय राहिलं होतं.

मग ती सौरभला काहीतरी म्हणाली. आवाज शांत होता. मला वाटलं, आता शिव्या. यायलाच पाहिजेत, मी तयार होतो.

"त्या विचारतायत," तो म्हणाला, "की मी काय म्हणायला पाहिजे होतं? काय म्हटलं असतं तर तुम्ही गेला असता?"

पाठ केलेलं सगळं मी सोडून दिलं. ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, तिचं कुठं चुकलं ते.

"सौरभची आई," मी म्हणालो. "एवढं म्हटलं असतं तर मी पट्टा बंद न करता पळत गेलो असतो."

सौरभनं ते तिला सांगितलं. हालिनानं कागद परत टेबलावर घेतला, चष्मा लावला, आणि माझ्या नंबराखाली लिहायला लागली. मध्येच थांबून तिनं सौरभला पुन्हा म्हणायला सांगितलं, हळू. तो म्हणाला. ती म्हणाली. बाकीच्या चौकोनांतल्या बायकाही तोंडातल्या तोंडात म्हणत होत्या. तिसऱ्या वेळी तिला ते नीट म्हणता आलं.