धूर वर जातो म्हणे

आमचं घर धारवाडातल्या एका उताराच्या अगदी तळाशी, ओढ्याला लागून. वर टेकाडावर बंगल्यांची ओळ आहे. तिथं निवृत्त प्राध्यापक, वकील, इंजिनिअर अशी शहाणी माणसं राहतात. शहाणी हा शब्द मी रागानंच वापरतेय.

थंडीत ज्या दिवशी वारा पडतो, त्या दिवशी सूर्य मावळला की टेकाडाची माती गार होते. तिला लागून असलेली हवाही गार होते, जड होते आणि ओढ्याच्या वाटेनं पाण्यासारखी खाली उतरते. ती आमच्या अंगणात येऊन साचते आणि ऊन चढेपर्यंत हलत नाही. वर एका स्वेटरवर भागतं, खाली आमचे दोन स्वेटर घालूनही दात वाजतात. थंडीचं काही नाही हो, घरात घोंगड्या आहेत. पण थंडीबरोबर धूर यायचा.

वरची मंडळी रोज दिवेलागणीला पाचोळा झाडून पेटवायची. त्यात दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, काय वाट्टेल ते. मग भोवती खुर्च्या टाकून शेकत गप्पा. आणि इथं खाली माझी अक्का.

अक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिला दमा आहे. धुराच्या रात्री तिला आडवं होताच यायचं नाही. उशांना टेकून बसायची आणि एकेक श्वास ओढून काढायची. असा आणखी एक हिवाळा हिच्या छातीला झेपायचा नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

मी वर गेले. पहिल्यांदा गोडीत सांगितलं. प्राध्यापक हसून म्हणाले, "होगी म्याल होगतदरी." आणि मला कानडी येत नसल्यासारखं मराठीतही समजावलं, "धूर वरच जातो, बाई." वकीलसाहेबांनी तर आमच्या चुलीची चौकशी केली. गॅसवर स्वयंपाक करते मी. टाळकंच सरकलं माझं. खाली येऊन बघा म्हटलं, तर प्राध्यापक, वकील आणि एक इंजिनिअर असे तिघं आले की, रविवारी सकाळी अकरा वाजता! लख्ख ऊन, मोकळी हवा. अक्कानं त्यांच्यापुढं बेसनाचे लाडू ठेवले. तुमच्याकडं किती प्रसन्न वाटतं, असं म्हणून गेले. त्यांच्या चहात साखर घालायची मी विसरले होते, मुद्दाम.

मग वारा पडलेली एक संध्याकाळ धरली आणि त्यांची शेकोटी चालू असतानाच वर जाऊन उभी राहिले. प्राध्यापकांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चला, नाहीतर मी इथून हलत नाही. बायकोनं डोळे वटारल्यावर उठले. धूर वर गेला खरा, पण पुरुषभर. मग आडवा झाला आणि आमच्या सोबतीनं उतार उतरायला लागला. वळणावर सरांचे पाय गारठले, त्यांनी मफलर आवळला. आमच्या अंगणात पोचलो तेव्हा धूर गळ्यापर्यंत होता. ते खोकले. तेवढ्यात खिडकीतून अक्काच्या श्वासाची घरघर ऐकू आली.

दुसऱ्या दिवसापासून धूर बंद. त्यांनी फोन करून सांगितलं की आता टेकाडाच्या पलीकडच्या अंगाला पेटवतो. मी म्हटलं, फार उपकार झाले सर. अक्का त्या रात्री चक्क आडवी होऊन झोपली. तिची दृष्ट काढावी असं वाटलं मला.

आठवडाभरानं दही विकणारी बाई आली. टेकाडापलीकडच्या उतारावर पत्र्याच्या खोल्या आहेत, ती तिथली. दिवस कलला होता, बाई पायरीवर टेकली आणि खोकत सुटली. हल्ली संध्याकाळ झाली की आमच्याकडं धूर भरतो, म्हणाली. धाकटी पोर रात्रभर झोपत नाही.

ती गेल्यावर अक्कानं विचारलं, "तिकडं पेटवतात, हे तुला ठाऊक होतं?"

हो म्हटलं, आणि उलट मीच भडकले. सगळ्या गावाचा मक्ता मी घेतलाय का? चपला झिजवल्या, सगळ्यांशी वाईटपणा घेतला, तो कुणासाठी? तुझ्यासाठीच ना? अक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं शाल गुंडाळली आणि चपला पायात सरकवल्या. टेकाडाचा तो चढ ती दम्यामुळं कित्येक वर्षांत चढली नव्हती. मी दार अडवलं.

"तू बस घरात," ती म्हणाली. "तुझं काम झालंय."