तुरळक

सातवीला मराठी शिकवताना दर वर्षी एक तास असा येतो, की मी मुलांकडे पाठ करून फळ्यावर जरा जास्तच वेळ लिहीत राहतो. का, ते माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. आज तुम्हाला सांगतो — नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

धडा साधाच. समानार्थी शब्द. पाऊस म्हणजे पर्जन्य, वृष्टी, वर्षा. नाश म्हणजे विनाश, विध्वंस. मुलं कंटाळून सांगतात. मग मी म्हणतो, घरी काय म्हणता ते सांगा — आणि वर्ग जागा होतो. सर, झड, वळीव, बुरबुर. आणि नाशाला? नासाडी, पडझड, धूळधाण... शेवटी मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतंच, "सर, वाटोळं!" सगळे हसतात. मी फळ्याकडे वळतो.

नासाडी अन्नाची होते, पडझड भिंतीची. त्या आपोआप झाल्या असं म्हणता येतं. पण वाटोळं म्हटलं की माणूस लगेच विचारतो — कुणी केलं?

आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे. दादानं. माझ्या थोरल्या भावानं.

दादा दहावीनंतर शेतात उतरला, म्हणून मी नगरला वसतिगृहात राहून शिकू शकलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. हे मी शाळेच्या कार्यक्रमात नेहमी सांगतो, मनापासून सांगतो, लोक टाळ्याही वाजवतात. पुढचं मात्र सांगत नाही.

मी शेवटच्या वर्षाला होतो. त्या उन्हाळ्यात आण्णांनी — आमच्या वडिलांनी — पहिल्यांदाच शेताचा कारभार दादाच्या हाती दिला होता. "या साली तू बघ," एवढंच म्हणाले होते, पण दादा तेव्हापासून ताठ चालायला लागला होता. कांदा काढून झाला होता. रानात पोळ घातली होती. म्हणजे कांद्याचा लांबट ढीग, वर वाळलेली पात. आई-आण्णा एका लग्नाला परगावी गेले होते. घरी एकटा दादा. त्याचा फोन आला.

"काय रं मास्तर," तो म्हणाला. मी मास्तर होण्याच्या कितीतरी आधीपासून तो मला मास्तर म्हणायचा. "आभाळ लई भरून आलंय. तुजा मोबाईल काय म्हनतोय? पाऊस आसंल तर ये, दोघं मिळून कागद टाकू. नसंल तर उगाच झाकायला नको."

उगाच झाकायला नको, हे खरं होतं. उन्हाळ्यात प्लास्टिकच्या कागदाखाली कांदा घामेजतो, सडतो. आणि त्या वाऱ्यात एवढा मोठा कागद एका माणसाला आवरत नाही. म्हणून तर तो विचारत होता. त्याच्याकडे साधा फोन होता. माझ्याकडचा मोठा मोबाईल त्यानंच हट्टानं घ्यायला लावला होता.

त्या मोबाईलवर सकाळीच इशारा आला होता. आमच्या तालुक्याचं नाव होतं. मुसळधार, गारांसह. मी तो वाचला होता — दोनदा वाचला होता.

पण खाली जीप उभी होती. वर्गातली शहरातली मुलं भंडारदऱ्याला निघाली होती, धरणाच्या काठी तंबूत राहायला. तोवर त्यांनी मला कधी कुठं बरोबर नेलं नव्हतं. पाऊस आहे म्हणालो असतो, तर मला गावची एसटी धरावी लागली असती.

मी म्हणालो, "तुरळक आहे दादा. शिंतोडे येतील फार तर."

पावसाला इतके शब्द आहेत. मी त्यातला हा का निवडला? कारण 'पाऊस नाही' म्हणालो असतो, तर ते उद्या उघड खोटं ठरलं असतं. तुरळक म्हटलं की अंगावर येत नाही. एवढा विचार मी त्या दोन क्षणांत केला होता. मराठी मला तेव्हाही चांगलं येत होतं.

भंडारदऱ्याला थेंबही पडला नाही. आम्ही होडीत बसलो. मी फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी घरी गेलो, तेव्हा लग्नाहून परतलेले आण्णा बांधावर उभे होते. गारांनी पोळ फोडली होती, कांदे रानातल्या सऱ्यांमध्ये साचलेल्या पाण्यात पडले होते. दादाच्या दोन्ही तळहातांना दोरीनं कापलेलं होतं — पावसात त्यानं एकट्यानं कागद धरून पाहिला होता.

"वाटोळं केलंस रं," आण्णा म्हणाले. "येवढं भरल्यालं आभाळ तुला दिसलं न्हाई?"

दादानं माझ्याकडे पाहिलंही नाही. "चुकलं आण्णा," म्हणाला.

मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडायला कितीसा वेळ लागतो?

नंतर विहिरीवर हात धुताना तोच मला म्हणाला, "तू नगं मनाला लावून घिऊ. मोबाईलला तरी आभाळातलं काय कळतंय? तुजं नाव घेतलं आसतं तर आण्णा म्हनले आसते, येवढं शिकून काय उपेग." आणि हसला. मी त्याच्या हातांवर पाणी ओतत राहिलो.

पुढच्या हंगामात आण्णांनी रान चुलत्यांना वाट्यानं दिलं. दादानं काही दिवस बघितलं, मग तो शिर्डीला गेला, दुसऱ्याच्या दुकानात हार-फुलं विकायला. पुन्हा शेतात आला नाही. आण्णा शेवटच्या दुखण्यात भेटायला येणाऱ्यांना सांगायचे, "थोरल्याच्या हाताला शेती लागली न्हाई. धाकल्यानं मातुर नाव काढलं." मी पायाशी बसून त्यांचे पाय चेपत असायचो. ते तसंच मानून गेले.

दादाकडे आता चांगला मोबाईल आहे. तरी आभाळ आलं की तो मलाच फोन करतो. पाऊस असला की गर्दी कमी, फुलं वाया जातात, म्हणून आदल्या दिवशी विचारतो, "मास्तर, काय म्हनतोय पाऊस?"

मी त्याला अंदाज शब्दन् शब्द वाचून दाखवतो. एकही शब्द बदलत नाही. तो म्हणतो, "बरं झालं इचारलं," आणि फोन ठेवतो.

काल पुन्हा त्याचा फोन आला होता. मी सगळं वाचून दाखवलं. पावसाचं.