भिजलेलं पत्र

रिटायर झाल्यापासून दर शनिवारी मी पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या लोखंडाच्या कारखान्यात गाइड म्हणून जातो. इंग्रजांच्या काळातली दगडी भट्टी, केव्हाच विझलेली. तेव्हा मालक लंडनला असत, कारभार बघायला इथे एक मॅनेजर होता. बायको म्हणते, "जन्मभर भट्ट्याच केल्यात, अजून हौस फिटली नाही?" हौस कसली! तो मॅनेजर माझी पाठ सोडत नाही.

एका हिवाळ्यात मालकांनी त्याला कळवलं, भट्टी विझवा. त्यानं उलट लिहिलं, पत्र जहाजात भिजलं, अक्षर लागत नाही, कृपया पुन्हा लिहावं. मालकांचं ते पत्र आमच्या इथे काचेच्या पेटीत मांडलेलं आहे. खडखडीत कोरडं, एक डाग नाही. दुसरं पत्र येईपर्यंत उन्हाळा लागला आणि तोवर माणसं कामावर राहिली. लबाड कुठला! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो, आणि मग हसू गेलं.

कारण मीही असाच मॅनेजर होतो, इथून तासाभरावरच्या फाउंड्रीत. माझेही मालक समुद्रापलीकडे. कारखाना त्यांनी कधी पाहिलासुद्धा नव्हता. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी मेल आली: फर्नेस आजच बंद करा, माणसं कमी करा. भट्टीवरचा माझा सगळ्यात जुना कामगार केबिनमध्ये आला. त्याच्या बायकोची केमो चालू होती. नोकरी गेली की कंपनीचा इन्शुरन्स त्याच महिनाअखेरीला संपणार होता. सोमवारपर्यंत नोकरी टिकली असती तर नवा महिना लागून आणखी महिनाभर चालला असता.

"बॉस, मंडेला बंद करा ना," तो म्हणाला. "फ्रायडेला नको. एवढंच."

सबबी हव्या तितक्या होत्या. मेल वाचलीच नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण माझं उत्तर आधीच गेलं होतं: 'येस सर, डन.'

"तुमच्या हातात काय होतं हो?" बायको अजून म्हणते. तीन दिवस होते. मला लाज वाटते. त्या थंड भट्टीच्या तोंडाशी उभा राहिलो की तो कामगार मागे उभा आहे असं वाटतं, आणि मी वळून बघतो.

मागच्या शनिवारी तो खरंच होता. केस पांढरे झालेले, बरोबर नात. ओळखून त्यानं हात पुढे केला.

"मिसेस कशा आहेत?" त्यानं विचारलं.

"बरी आहे," मी म्हणालो.

तो जरा थांबला, मीही तेच विचारीन म्हणून. मी त्याच्या नातीला भट्टीची उंची सांगायला लागलो.