मागची सीट

मोटरसायकल शिकताना पहिले आठ दिवस मी इंजिन सुरूच केलं नाही. बाबांनी करू दिलं नाही. भिलाईतल्या कॅम्प-1 मधल्या आमच्या घरापासून सेक्टरच्या मागच्या रिकाम्या रस्त्यापर्यंत गाडी ते चालवत न्यायचे, तिथं उतरून किल्ली खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "ढकल." मी ढकलायचे. चढावर, वळणावर, कडेच्या बारीक खडीतून. मग ते गाडी मुद्दाम आडवी पाडायचे आणि मी ती उचलायची, पाठ सीटला लावून, गुडघ्यांत जोर घेऊन. तिसाव्या वर्षी, ओढणी कमरेला गाठ मारून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत.

"वजन समजल्याबिगर चालवशीन तं एक दिवस तुह्याच अंगावर येईन," बाबा म्हणायचे.

मला गाडीची हौस नव्हती. बाबांचा डावा डोळा साखरेनं गेला होता आणि उजव्यातही चांगलं दिसत नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गाडी बंद. पण स्टील प्लांटमधून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी आठवड्यातून तीन सकाळी ते अहिवारा गावाकडच्या एका खाजगी कारखान्यात ठेक्याच्या पोरांना क्रेनचं काम शिकवायला जात. त्या रस्त्यावर चुनखडीचे डंपर दिवसभर धावतात. बसचं नाव काढलं की ते भडकायचे, "मी काय पेशंट हावो का?" शेवटी आईनं तोडगा काढला. मी गाडी शिकायची, सकाळी त्यांना पोचवायचं, मी दुपारी घेत असलेल्या शिकवण्यांच्या आत परत आणायचं. बाबा मागच्या सीटवर बसतील. बाबांनी मान्य केलं, एका अटीवर.

"मी पास करीन त्या दिवशी किल्ली तुही."

म्हणजे मी लवकर शिकले तर त्यांचा जीव वाचणार होता. घरात आम्हा तिघांनाही हे ठाऊक होतं, पण त्यांच्यासमोर कोणी बोलायचं नाही.

शिकवण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, हे कबूल करायला हवं. प्लांटमध्ये आयुष्यभर ते ओव्हरहेड क्रेनला खालून इशारे देत आले होते. वर केबिनमध्ये बसलेल्याला खालचं काही ऐकू येत नाही, खालच्याच्या हातांकडे बघून तो टनावारी लोखंड हलवतो. त्यांनी मलाही तसंच शिकवलं. रस्त्याच्या मधोमध उभे राहून ते हात करायचे. फिरणारं बोट म्हणजे पुढे, आडवा पंजा म्हणजे हळू, मूठ म्हणजे थांब. विटांच्या दोन ओळींमधून मला अर्ध्या क्लचवर माणसाच्या चालीनं गाडी न्यायला लावायचे, पाय न टेकता. पुढचा ब्रेक झटक्यात दाबला तर दोन दिवस तोच धडा.

"इशारा एकाचाच पाह्याचा," ते सांगायचे. "पन थांबाचा इशारा कोनीबी देवो, चहावाल्यानं देवो, थांबाचंच. तिथं इचार नाई कराचा."

दुसऱ्या महिन्यात मला गाडी येऊ लागली. येऊ लागली म्हणजे चांगलीच येऊ लागली. लायसन्स पहिल्या फटक्यात मिळालं. सरकारनं पास केलं, बाबांनी नाही. दर रविवारी परीक्षा आणि दर रविवारी नापास. कधी वळल्यावर इंडिकेटर तसाच राहिला म्हणून, कधी पाय लवकर टेकला म्हणून, एकदा तर हेल्मेटचा पट्टा सैल वाटला म्हणून. "बसा ना मागं, एकदा तरी बसून पाहा," मी म्हणायचे. "अजून नाई," ते म्हणायचे, आणि मला मागे बसवून स्वतः गाडी घरी आणायचे. खड्डा आला की खड्ड्यातूनच.

मग तो रविवार आला. मी लांबून येत होते आणि बाबांचं बोट फिरत होतं, पुढे, पुढे. तेवढ्यात गल्लीतून एक माणूस सायकलला दोन गॅस सिलिंडर लटकावून रस्त्यावर आला. त्यानं मला पाहून हात वर केला. मी त्याचा हात पाहिला, मग बाबांचा पाहिला. बोट फिरतच होतं. मी गेले. माझं पुढचं चाक त्याच्या सायकलला घासलं, तो सायकल टाकून उडी मारून बाजूला झाला, एक सिलिंडर घरंगळत नालीपर्यंत गेलं. लागलं कुणालाच नाही.

बाबा धावत आले. "त्यानं हात केला नोता का? थांबली कावून नाई?"

"माझं चुकलं. पण तुमाले तो दिसला नाई का, बाबा?"

ते पडलेली सायकल उचलायला वाकले.

"दहा पावलांवर होता तुमच्यापासून. डाव्या अंगाला."

बाबांनी त्या माणसाला सिलिंडर परत लटकवायला मदत केली, त्याची माफी मागितली, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "फेल."

त्या रात्री मी किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली. सकाळी बाबा कपाटातली दुसरी किल्ली घेऊन निघून गेले. ओरडले नाहीत, काही नाही. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, माझ्या हातचा चहासुद्धा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी मीच किल्ली काढून खुंटीला अडकवली. आई म्हणाली, "तूच समजाव त्यायले, तुह्यावर जीव हाय त्यायचा." मी समजावलं नाही. मला त्यांचा अबोला सहन होत नव्हता, एवढंच खरं. आजही त्या गोष्टीची मला लाज वाटते.

त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी, कामाच्या दिवशी सकाळी, मी तयार होऊन हेल्मेट घेऊन दारात उभी राहिले. म्हटलं, "आज मी सोडते तुमाले."

"अजून एक हप्ता. डावा आरसा पाहाचं राहून जाते तुह्यानं."

ते गाडी घेऊन निघाले. नऊ वाजता कारखान्यातल्या एका पोराचा फोन आला. कच्च्या वाटेनं एक डंपर रस्त्यावर आला होता. डाव्या बाजूनं. बाबांनी ब्रेकसुद्धा मारला नव्हता, असं मागून येणारे सांगत होते. पोरांनी त्यांना एका गाडीत घालून भिलाईच्या दवाखान्यात आणलं होतं.

शेजारच्या काकांची मोटरसायकल बाहेर उभी होती. मी किल्ली मागितली, त्यांनी न विचारता दिली. आईला त्यांच्या मुलीबरोबर ऑटोनं यायला सांगून मी निघाले. मेन रोडवर एकटी मी कधीच गेले नव्हते. बस, ट्रक, शाळेच्या व्हॅन, सगळे अंगावर येत होते आणि मी रडत होते, पण हँडल डगमगत नव्हतं. चौकात थांबले, दोन्ही आरसे पाहिले, वळले, इंडिकेटर बंद केला. दवाखान्यात पोचून गाडी स्टँडवर लावेपर्यंत माझी एकही चूक झाली नव्हती.

दुपारी मला आत सोडलं. अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती, उजवा डोळा उघडा. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

"कोनासंग आली?"

"एकटीच. काकांची गाडी घेऊन."

"मेन रोडनं?"

"हो."

त्यांनी उजवा डोळा माझ्याकडे वळवला.

"मंग येत होती तुले," ते म्हणाले.

"येत होती, बाबा. दोन महिन्यांपासून येत होती."

"मालूम होतं मले."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्यांचा हात चादरीवर माझ्या शेजारीच होता, मी तो धरला नाही. बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, राग शांत होईपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं असतील. परत आत गेले तेव्हा त्यांच्या तोंडात श्वासाची नळी घातली होती, आणि नर्स मला म्हणाली की आता ते बोलू शकणार नाहीत.