हात मागून येतोय

"घेतला," तो म्हणाला, आणि मी कप सोडला.

शेजारधर्माची माझी सुरुवात ही अशी. आमची पाथर्डीला नुकतीच बदली झाली होती. शेजारच्या ओट्यावर चाकाच्या खुर्चीत हा बसलेला दिसला, म्हणून मोठ्या आपुलकीने चहा नेऊन पुढे केला. तो सगळा त्याच्या मांडीवर सांडला. नशिबाने चहा मी केलेला होता, म्हणजे कोमट. ओल्या चादरीकडे तो दुसऱ्या कुणाची असावी तसा बघत राहिला.

"मी घेतल्ता साहेब. हात आला न्हाई."

तिसगाव-पाथर्डी जीप चालवायचा. ऊसतोडीला निघालेल्यांची बोचकी टपावर बांधताना खाली पडला आणि मानेखालचं सगळं थांबलं. बोलण्यातून मात्र तो सगळी कामं करत असे. पाहुणा आला की "नमस्कार केला" म्हणायचा. माझी बायको लगेच हात जोडून परत करायची. तो नमस्कार दिसला नाही, अशी शंका फक्त मलाच यायची.

आणि आण्णांना. आण्णा त्याचे वडील, गवंडीकाम सोडून त्याचं सगळं करणारे. त्याला भरवायचे, अंघोळ घालायचे आणि रोज संध्याकाळी विचारायचे, "हलव की रं बोट."

"हलवलं, आण्णा."

"कुठं हलवलं?"

मग माझ्याकडे वळून, "जोरच लावत न्हाई त्यो."

आण्णा आत गेले की तो मला म्हणायचा, "हात गेला त्याचं काय न्हाई, साहेब. पन आण्णाला वाटतं मी नुसता बसून हाय. एवढं एक त्यास्नी कळाय पायजे."

नगरच्या एका कॉलेजात अशा माणसांवर प्रयोग चालला होता. हात हलवायचा हुकूम डोक्यातून सुटतो, मानेपाशी अडकतो. तो डोक्यावरच टोपीने पकडायचा आणि टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या हाताला द्यायचा. हे मी आण्णांना इतकं सविस्तर समजावलं, की ते बसल्या जागी झोपले. तरी आले.

टोपी पोहण्याच्या टोपीसारखी, पण वायरींनी भरलेली. तिथली मुलगी म्हणाली, मूठ मिटा.

"मिटली," तो म्हणाला.

प्लॅस्टिकचा हात ढिम्म. पुन्हा सांगितलं, पुन्हा "मिटली", पुन्हा ढिम्म. आण्णा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मशीनबी त्येच सांगतंय."

तो त्या प्लॅस्टिकच्या हाताकडे बघत राहिला.

मुलीने टोपी सरकवून बोट फिरवलं आणि विचारलं, डोक्याला काही लावलंय का?

खोबरेल. चार लोकांत जायचं म्हणून आण्णांनी सकाळी अर्धी बाटली जिरवली होती. तेलातून हुकूम टोपीपर्यंत पोचत नव्हता. मग कॉलेजच्या नळावर आण्णांनी पोराचं डोकं शाम्पूने धुतलं. मी बादली धरली आणि स्वतःचे बूट भिजवून घेतले.

पुन्हा टोपी. "मिटली," तो म्हणाला. जरा वेळाने प्लॅस्टिकची बोटं मिटली. उघडली. पुन्हा मिटली. मधे एकदा चुकलीही. आण्णा उठले आणि कुणाला न विचारता आपलं सिमेंटने खाल्लेलं बोट त्या हातात ठेवलं.

"मिटली, आण्णा."

बोट धरलं गेलं. आण्णांनी ते सोडवलं नाही.

"व्हय," ते म्हणाले. "धरलंस."

प्लॅस्टिकचा हात कॉलेजातच राहिला. ओट्यावर एवढाच फरक पडला, की आण्णा चहाचा कप त्याच्यासमोर धरून थांबायचे. तो "घेतला" म्हणाला की मगच ओठाला लावायचे.

मागच्या हिवाळ्यात त्याच्या छातीत कफ साठला आणि तो गेला. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला आण्णा सगळ्यांना चहा देत होते. प्रत्येकापुढे कप धरून थांबत होते. लोकांना वाटलं, म्हातारा भांबावलाय.

घरी आलो. बायकोने चहा पुढे केला. "घेतला," मी म्हणालो. हात मांडीवरच राहिला.

तिने कप सोडला नाही.

"असू द्या," ती म्हणाली. "हात येईपर्यंत धरते मी."